गेटची बिजागरी वेल्डिंगच्या शेजारून तुटली

गेल्या महिन्यात एका शनिवारी रात्री पावणेअकराला आमच्या सोसायटीचं मोठं गेट पडलं. ऐरोलीत, खाडीपासून चालत दहा मिनिटांवर राहतो आम्ही. उजवं दार, दोन-अडीचशे किलोचं तरी असेल, वॉचमन काका गाडीसाठी उघडायला गेले आणि वरच्या बिजागरीची पिन तुटली, दार खालच्या बिजागरीवर क्षणभर तिरकं लटकलं आणि मग धाडकन आडवं झालं. काका दोन पावलं मागे होते म्हणून वाचले. संध्याकाळी सात वाजता त्याच जागी मुलं सायकली घेऊन उभी असतात, ते आठवलं आणि मला रात्रभर झोप आली नाही.

सकाळी उठेपर्यंत सोसायटीच्या ग्रुपवर ऐंशी मेसेज. वेल्डिंग कच्चं होतं, वेल्डरने फसवलं, त्याला बोलवा, पैसे परत घ्या वगैरे. मी रबाळे एमआयडीसीत एका फॅब्रिकेशनच्या वर्कशॉपमध्ये क्यूसीला, म्हणजे कामाचा दर्जा तपासायला, आहे, ११ वर्षं झाली, त्यामुळे चहा सुद्धा न घेता आधी खाली जाऊन तुटलेला भाग बघितला. आणि वेल्डिंग शाबूत होतं! प्लेटवर उभी पिन, ३२ मिमीचा गोल बार, त्याच्या बुडाशी सगळीकडून गोल फिरवलेला वेल्ड, तो जसाच्या तसा प्लेटवर बसलेला होता अंगठीसारखा. पिन तुटली होती ती वेल्ड जिथे संपतो त्याच्या अगदी काठावरून, मिलीमीटर-दोन मिलीमीटर बाजूला, बारच्या अंगातून.

हे मी ग्रुपवर लिहिलं तर सेक्रेटरी काकांचा रिप्लाय आला, "म्हणजे वेल्डिंगचा काही दोष नाही, बार खराब होता असंच ना?" तसंही नाही हो काका. बार चांगला होता, वेल्ड पण दिसायला बरा होता, तरी दोघांना जोडताना मधल्या दोन-तीन मिलीमीटरमध्ये जे झालं त्याने घात केला. हे चार ओळींत सांगता येईना म्हणून ही पोस्ट लिहितेय, लांब होईल, पण घरी गेट, ग्रिल, टाकीचं स्टॅंड असं काहीही वेल्ड केलेलं असेल त्याने वाचावी असं मला मनापासून वाटतं.

आधी तुटलेल्या तोंडाबद्दल. तुटलेल्या लोखंडाचं तोंड कधी पुसू नका, त्यावर सगळं लिहिलेलं असतं. आमच्या पिनच्या तोंडावर एका बाजूला चंद्रकोरीसारखा भाग तांबूस गंजलेला होता, आणि उरलेला भाग ताजा, राखाडी, चमचमता, साखरेच्या खड्यासारखे कण दिसत होते. गंज एका रात्रीत इतका चढत नाही, म्हणजे ती चंद्रकोर आधीपासून फाटलेली होती, जुलैमध्ये पिना वेल्ड करून बसवल्या तेव्हापासून चार महिने तिच्यात पावसाचं पाणी जात होतं आणि शनिवारी रात्री उरलेलं लोखंड एका झटक्यात गेलं. अजून एक गोष्ट, क्रॅक लोखंड तापलेलं असताना पडला असता तर त्या भागावर निळसर-काळपट झाक आली असती. इथे नुसता गंज. म्हणजे फाटलं ते गार झाल्यावर, वेल्डर सामान आवरून घरी गेल्यानंतर.

आता मधेच माझ्या आजोबांची गोष्ट सांगते कारण तिच्याशिवाय पुढचं कळणार नाही. आमचं गाव साताऱ्याकडचं, आजोबा लोहार. ट्रकचा जुना कमानपाटा आणून त्याचे कोयते-विळे करायचे. सुट्टीत गेलं की मी भात्याजवळ बसून असायचे. कोयता ठोकून झाला की ते परत भट्टीत लालभडक तापवायचे आणि चर्रकन पाण्यात बुडवायचे, याला म्हणायचं पाणी देणं. पण काम तिथे संपायचं नाही. पाणी दिलेला कोयता ते कधीच कुणाच्या हातात द्यायचे नाहीत, धार दगडावर घासून चकचकीत करायचे आणि मग परत हलक्या आचेवर धरायचे, पात्यावर आधी फिकट पिवळा रंग सरकत यायचा, मग तपकिरी, मग जांभळा, आणि बरोबर रंग धारेपर्यंत आला की बाजूला. एकदा मी विचारलं की पहिल्यांदाच इतका कडक झालाय तर परत का तापवता, तर त्यांनी नुसतं पाणी दिलेला एक तुकडा ऐरणीवर हातोडीने टकटक केला आणि त्याचे काचेसारखे दोन तुकडे झाले. तेव्हा मी चौथीत असेन. इंजिनिअरिंगला मार्टेन्साइट शिकवलं तेव्हा मला ती ऐरण आठवली.

तर लोखंड, म्हणजे स्टील, ७२७ अंशाच्या वर गेलं की त्याच्या आतली अणूंची मांडणी बदलायला लागते, आणि त्या नव्या मांडणीत कार्बन आरामात विरघळून राहतो. हळूहळू गार केलं तर कार्बन सावकाश बाहेर पडून आपल्या जागी जाऊन बसतो आणि लोखंड पुन्हा होतं तसं मवाळ. पण झटक्यात गार केलं तर कार्बनला बाहेर पडायला वेळच मिळत नाही, तो आतच अडकतो, मांडणी ताणली जाते, आणि तयार होतं ते मार्टेन्साइट, प्रचंड कडक आणि तितकंच ठिसूळ. कार्बन जितका जास्त तितकं ते जास्त कडक. आजोबांचं पाणी देणं म्हणजे हेच, आणि हलक्या आचेवर रंग आणणं म्हणजे त्यातला ठिसूळपणा उतरवणं.

वेल्डिंगमध्ये पाणी कुठून आलं, असं वाटेल. रॉडच्या टोकाला आर्क, म्हणजे विजेची सलग ठिणगी, पेटतो त्याचं तापमान पाच-सहा हजार अंशांच्या घरात, लोखंड वितळतं साधारण १५०० ला. वितळलेल्या रसाच्या लगतचं लोखंड वितळत नाही पण हजार-बाराशे अंशांना जाऊन येतं. आणि आजूबाजूला काय आहे? थंडगार जाड लोखंड. रॉड पुढे सरकला की ते थंड लोखंड उष्णता इतक्या झपाट्याने ओढून घेतं की ८०० वरून ५०० वर यायला काही सेकंद लागतात फक्त. जाड बारला वेल्ड करताना तो बारच पाण्याची बादली असतो. वेल्डच्या शेजारच्या पट्ट्याला अशा प्रकारे पाणी दिलं जातं, कुणी मागितलेलं नसताना, आणि परत तापवून रंग आणणारे आजोबा तिथे नसतात.

या पट्ट्याला आम्ही वर्कशॉपमध्ये हॅझ म्हणतो, म्हणजे वितळला नाही पण उष्णतेने बदलला असा भाग. तोही एकसारखा नसतो. रसाला चिकटून असलेल्या पहिल्या थरात लोखंडाच्या आतले बारीक दाणे मोठे-मोठे झालेले असतात, कारण तो सगळ्यात जास्त तापलेला, आणि दाणा मोठा झाला की लोखंड ठिसूळ व्हायला सोपं. त्याच्या पलीकडे जो थर जेमतेम ९००-१००० पर्यंत गेला तिथले दाणे उलट बारीक होतात, तो भाग कधी कधी मूळ लोखंडापेक्षा चिवट असतो. त्याच्या पलीकडे अर्धवट बदललेला थर आणि मग मूळ लोखंड. हे सगळं तीन-चार मिलीमीटरमध्ये. बाहेरून बघाल तर नुसती थोडी निळसर झाक, तीही ग्राइंडर आणि पेंट मारला की गेली.

मी तुटलेली पिन सोमवारी कामावर घेऊन गेले, साहेबांना विचारून मधोमध उभी कापली, पॉलिश केली आणि नायट्रिक ॲसिड मिसळलेल्या अल्कोहोलने पुसली. दहा सेकंदांत चित्र समोर. वेल्डचा भाग वेगळा, त्यात गार होताना वाढलेले उभे उभे दाणे, बारचा भाग वेगळा, आणि दोघांच्या मधे काळपट कोर, म्हणजे काठासारखी बारीक पट्टी. हार्डनेस म्हणजे कडकपणा मोजला, बारचा २१० विकर्स (कडकपणा मोजायचं एकक), वेल्डचा १९५ आणि त्या काळ्या कोरीत ५६०! आमच्याकडे साध्या स्ट्रक्चरच्या कामात हॅझमध्ये ३५० च्या वर गेलं की आम्ही जॉब थांबवतो. साधी एमएस, म्हणजे माइल्ड स्टीलची, प्लेट असते ती १४०-१५० च्या आसपास, म्हणजे बघा.

बारचा स्पेक्ट्रो पण केला, म्हणजे त्यात कुठला घटक किती ते मशीनवर बघितलं, कार्बन ०.४१ टक्के, मँगनीज ०.७४. म्हणजे ईएन-८, शाफ्टचं मटेरियल. आता इथे एक छोटं गणित आहे जे प्रत्येक फॅब्रिकेशनवाल्याच्या भिंतीवर लिहिलेलं असावं असं माझं मत आहे. कार्बन इक्विव्हॅलंट म्हणतात. कार्बन, अधिक मँगनीजचा सहावा भाग, अधिक क्रोमियम-मॉलिब्डेनम-व्हॅनेडियम मिळून त्यांचा पाचवा भाग, अधिक निकेल-तांबं मिळून पंधरावा भाग. ही बेरीज साधारण ०.४० च्या खाली असेल तर डोळे झाकून वेल्ड करा म्हणत नाही मी, पण फारसा त्रास देत नाही. ०.४० च्या वर गेलं की आधी जॉब तापवायचा विचार करा, जाडी जास्त असेल तर नक्कीच. आपली नेहमीची आयएस २०६२ ची प्लेट, कार्बन ०.१८ आणि मँगनीज ०.८ धरलं तर ०.३१ येतं. आमची पिन ०.५३. कमानपाट्यात तर कार्बनच ०.५५-०.६० टक्क्यांच्या आसपास, बेरीज ०.७ च्याही पुढे. आणि लोक कमानपाटा गेटला वेल्ड करून लावतात, मजबूत म्हणून.

या मजबूत शब्दानेच सगळा घोळ होतो. लोखंडाचा कडकपणा वेगळा आणि चिवटपणा वेगळा. बाजारात "कडक लोखंड आहे साहेब" हे कौतुक म्हणून सांगतात, आणि शाफ्टसाठी, कोयत्यासाठी ते कौतुकच आहे. वेल्ड करायच्या कामात मात्र जरा मवाळ लोखंडच बरं.

तर मंगळवारी मी त्या वेल्डर मामांना गाठलं. दिघ्याच्या बाजूला छोटं दुकान आहे त्यांचं, तीस वर्षं हाच धंदा. सोसायटीवाले आधीच फोनवर वाट्टेल ते बोलले होते त्यामुळे मामा गप्प गप्प होते. मी पिनचा कापलेला तुकडा त्यांच्या हातात दिला. त्यांनी उन्हात फिरवून फिरवून बघितला, काळ्या कोरीवरून नख फिरवलं.

"ताई, माझा वेल्ड तर धरून आहे."

"हो मामा, तेच मी सगळ्यांना सांगतेय. बार कुणी दिला होता?"

"तुमच्या कमिटीतल्यांनीच. भंगारातून आणला होता, म्हणाले कडक आहे, झिजणार नाही. मी ग्राइंडर लावला तेव्हाच ठिणगी फुटत होती, मला वाटलं होतं शाफ्टचा आहे म्हणून. पण संध्याकाळ झालेली, पाऊस भुरभुरत होता, सगळे म्हणत होते लवकर करा गेट बंद करायचंय."

ठिणगीचं हे त्यांनी मला नीट करून दाखवलं. एमएसचा तुकडा ग्राइंडरला लावला की ठिणग्या लांब, सरळ रेषेत जातात, टोकाला एखाद-दुसरी फुटते. शाफ्टचा किंवा पाट्याचा तुकडा लावला की ठिणग्या आखूड आणि जागोजाग फुटून चांदण्या, फुलबाजीसारख्या. जितक्या चांदण्या तितका कार्बन जास्त. मी पुस्तकात वाचलं होतं पण मामांनी चार वेगवेगळे तुकडे लावून दाखवले आणि एकदाही चुकले नाहीत. लाखो रुपयांचं स्पेक्ट्रो मशीन आणि मामांचा डोळा, दोघांचं उत्तर एकच.

मग मी विचारलं की वेल्ड झाल्यावर काय केलं. मामा जरा थांबले. "वॉचमनने बादली ओतली. लगेच दार लावायचं होतं ना."

म्हणजे खरोखरचं पाणी. बारने उष्णता ओढली तेवढी कमी होती म्हणून वर बादली. ही सवय सगळीकडे आहे, ग्रिलवाले, टेम्पोच्या बॉडीवाले, हात भाजू नये म्हणून किंवा लगेच पेंट मारायचा म्हणून वेल्डवर पाणी ओततात. पातळ एमएस अँगल असेल तर बहुतेक वेळा निभावून जातं म्हणून सवय लागते, आणि एक दिवस समोर ईएन-८ येतो. माझी हात जोडून विनंती आहे, वेल्डवर पाणी ओतू नका आणि ओतू देऊ नका.

अजून एक आरोपी राहिला, हायड्रोजन. काम जुलैमधलं. मामांचे रॉड साधे ६०१३, पाकीट फोडलेलं, गोणपाटाच्या पिशवीत स्कूटरला लावून आणलेले. नवी मुंबईच्या पावसाळ्यात इथे मीठ डब्यात पाणी सोडतं, तिथे रॉडवरच्या फ्लक्सचं, म्हणजे वरच्या लेपाचं, काय होत असेल. फ्लक्समधला ओलावा, बारवरचा गंज, तेल, पेंट, भुरभुर पाऊस, या सगळ्यातल्या पाण्याचे आर्कमध्ये तुकडे होतात आणि सुटा हायड्रोजन वितळलेल्या रसात विरघळतो. रस गोठला की त्याला तिथे मावत नाही. सगळ्यात छोटा अणू असल्यामुळे तो घट्ट लोखंडातूनही सरकत जातो, काही बाहेर हवेत, काही शेजारच्या हॅझमध्ये, आणि जिथे ताण जास्त तिथे गोळा होतो. कडक ठिसूळ पट्टा, हायड्रोजन आणि ताण, हे तिघं एकत्र आले आणि लोखंड गार झालं की क्रॅक पडतो. लगेच पडेलच असं नाही, काही तासांनी, कधी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. म्हणून अशा जाड किंवा जास्त कार्बनच्या कामात आम्ही तपासणी ४८ तासांनी करतो. वेल्ड झाल्या झाल्या बघितलं तर सगळं छान दिसतं, मामांनीही बघितलं होतं, त्यांना छानच दिसलं होतं.

लो हायड्रोजन रॉड याचसाठी असतात, ७०१८. पण ते नुसते विकत आणून उपयोग नाही, त्यांचा फ्लक्स ओलावा पटकन ओढतो. पाकिटावर कंपनीने सांगितलेल्या तापमानाला भाजून घ्यायचे, आमच्याकडे ३०० ते ३५० अंशांना दोन तास, आणि मग वेल्डरच्या बाजूला छोट्या ओव्हनमध्ये गरमच ठेवायचे, एकेक काढून वापरायचा. रॉड तोडून खिशात ठेवलेला दिसला की मी आमच्या वर्कशॉपमध्ये ओरडते, पोरांना राग येतो माझा, येऊ दे.

ताण कुठून आला हा प्रश्न पण मामांनीच विचारला, म्हणाले दार तर तेव्हा लावलंही नव्हतं. ताण लोखंडाच्या स्वतःच्या आखडण्याचा. १ मीटर लांब पट्टी १०० अंशांनी गार झाली की साधारण १.२ मिमी आखडते. वेल्डचा रस तर हजाराच्या वरून खाली येतो, त्याला कितीतरी आखडायचंय, पण भोवतीचं थंड लोखंड त्याला सरकू देत नाही. मग तो आतून ओढ घेऊन बसतो, आणि ही ओढ जवळजवळ लोखंड कायमचं ताणलं जाईल इतकी असू शकते, बाहेरून एक किलो वजन न टाकता. पातळ पत्रा असेल तर तो वाकतो, डोळ्यांना दिसतं. जाड असेल तर वाकत नाही, सगळं आत साठवतो. मला वाकलेला जॉब परवडतो खरं तर.

आणि वरची बिजागरी म्हणजे दाराचं सगळं वजन पिनला बाहेर खेचणार, पिन बुडाशी वाकायला बघणार, म्हणजे जिथे कोर आहे नेमकं तिथेच. दिवसातून दोनशे वेळा दार उघडबंद. फाट रोज थोडी थोडी आत गेली.

हे फक्त सोसायटीच्या गेटचं नाही हे सांगायला एक खरी गोष्ट सांगते. मेलबर्नला किंग स्ट्रीट ब्रिज म्हणून पूल आहे, १९६१ मध्ये सुरू झाला. १० जुलै १९६२ ला, तिकडे जुलै म्हणजे थंडी, एक अवजड ट्रेलर वरून जाताना पुलाचा एक गाळा खाली बसला, गर्डर तुटले. पूल जेमतेम सव्वा वर्षाचा. चौकशी झाली तेव्हा कळलं की गर्डरच्या (पूल पेलणाऱ्या तुळईच्या) खालच्या आडव्या पट्टीला, म्हणजे फ्लॅंजला, जाडीसाठी जादा पट्टी वेल्ड केली होती, त्या पट्टीच्या टोकाच्या आडव्या वेल्डच्या काठाला, हॅझमध्ये, क्रॅक होते. स्टील जास्त ताकदीचं घेतलेलं, म्हणजे वेल्ड करायला अवघड, आणि ती काळजी पुरेशी घेतली गेली नव्हती. आमच्या पिनची आणि त्या पुलाची गोष्ट एकच आहे, आकार तेवढा वेगळा.

दुसरी आठवण झाली की मला अजूनही कसंतरी होतं. उत्तर समुद्रात नॉर्वेच्या हद्दीत अलेक्झांडर किलँड नावाचा तरंगता प्लॅटफॉर्म होता, पाच पायांचा, कामगारांच्या राहण्यासाठी वापरायचे. २७ मार्च १९८० ला वादळात त्याचा एक पाय निखळला आणि पूर्ण प्लॅटफॉर्म उलटला, वर २१२ माणसं होती, १२३ गेली. सुरुवात झाली एका ६ मिमीच्या फिलेट वेल्डपासून, म्हणजे कोपऱ्यात भरलेल्या वेल्डपासून. पाण्यातला आवाज पकडायचं एक छोटं उपकरण बसवायला पायांना जोडणाऱ्या एका मुख्य आधारावर, म्हणजे ब्रेसिंगवर, होल्डर वेल्ड केला होता. भार घेणारा भाग नव्हताच तो, कुणाला महत्त्वाचा वाटला नाही, वेल्ड वाईट होता, त्यातून फाट सुरू झाली आणि लाटांच्या माराने वाढत वाढत मुख्य ब्रेसिंग गेलं, मग बाकीची.

म्हणून आमच्याकडे कुणी मुख्य बीमवर "नुसता एक टाका मारतो, वायर अडकवायला" म्हणाला की मी सोडत नाही. टाका छोटा असतो म्हणून तो जास्त वाईट, कारण उष्णता थोडीशीच दिलेली आणि बाजूला थंड लोखंड भरपूर, म्हणजे सगळ्यात झटक्यात गार होणार. तीच गोष्ट लोक बार किंवा शाफ्टवर आर्क पेटवून बघायला रॉड घासतात त्याची, तो घासलेला ठिपका म्हणजे मोहरीएवढं मार्टेन्साइट. साइटवर स्लॅबच्या सळयांना टाके मारून जाळी बांधतात ते बघूनही माझा जीव वरखाली होतो. टीएमटी सळईची ताकद बाहेरच्या पाणी दिलेल्या सालीत असते, गाभा मवाळ असतो, आणि त्या सालीवरच आपण वेल्डिंगची आच देतो. बाइंडिंग वायर आहे ना, ती वापरा.

सगळीच धातू कडक होऊन तुटतात असं मात्र नाही. ॲल्युमिनियममध्ये उलटं होतं, ६०६१ टी-६ नावाच्या मिश्रधातूचा सेक्शन असेल तर मूळ ताकद ३१० मेगापास्कलच्या आसपास, वेल्डच्या शेजारी ती १६५ पर्यंत उतरते असं धरूनच डिझाइन करतात, म्हणजे जवळपास निम्मी. स्टेनलेसमध्ये ताकद राहते पण वेल्डच्या शेजारी ४५० ते ८५० अंशांच्या पट्ट्यात कार्बन तिथलं क्रोमियम पकडून बसतो, दाण्यांच्या कडेला क्रोमियम कमी पडतं आणि स्टेनलेस असून तिथूनच सडायला लागतं. तुर्भे-महापे पट्ट्यातल्या केमिकलच्या टाक्यांना म्हणून ३०४ एल घेतात, त्यात कार्बन ०.०३ टक्क्यापर्यंतच असतो. यावर कधीतरी वेगळं लिहीन.

आता आमच्या गेटचं पुढे काय झालं. तुटलं होतं उजवं दार. पण त्याच भंगारातल्या बारचे तुकडे डाव्या दारालाही लावले होते, त्याच संध्याकाळी, त्याच रॉडने. बुधवारी मी कामावरून डीपी टेस्टचे, म्हणजे रंग आत शिरवून बारीक क्रॅक दाखवणाऱ्या तपासणीचे, तीन डबे आणले, वॉचमन काकांना सांगून डावं दार बंदच ठेवायला लावलं, खाली लाकडी ठोकळे दिले, दार वर उचलून पिनचं बूड मोकळं केलं आणि क्लीनरने पुसलं. लाल रंग मारला, दहा मिनिटं थांबलो, पुसून काढला, वरून पांढरा डेव्हलपर. सेक्रेटरी काका, दोन-तीन कमिटी मेंबर, शाळेतून आलेली पोरं, सगळे गोल करून उभे. दोन मिनिटांनी पांढऱ्यावर एक बारीक लाल रेघ उमटायला लागली, वेल्डच्या बरोब्बर काठाने, हळूहळू ठसठशीत होत गेली. पट्टीने मोजली, ११ मिमी. कोणी काही बोललं नाही. त्यानंतर ग्रुपवर वेल्डर मामांबद्दलचे मेसेज बंद झाले, आणि एका काकांनी त्यांना फोन करून माफी मागितली, हे मला मनापासून आवडलं.

चारही पिना बदलल्या. ईएन-८ वापरून प्रीहीट करून पण करता आलं असतं, पिन आणि प्लेट दोनेकशे अंशांपर्यंत तापवायची, थर्मल चॉकने (ठरलेल्या तापमानाला वितळणारा खडू) खात्री करायची, ७०१८ ने वेल्ड करायचं आणि मग जाड ब्लॅंकेटमध्ये किंवा कोरड्या चुन्यात-राखेत सावकाश गार होऊ द्यायचं. सावकाश गार झालं की मार्टेन्साइट कमी आणि हायड्रोजनला बाहेर पडायला वेळ, दोन्ही कामं होतात. पण गेटच्या खांबावर उभ्यात हे करणं अवघड, आणि पिन झिजली तर पाच वर्षांनी बदलू, म्हणून मी साधा एमएसचा गोल बार सुचवला, साइज ३२ वरून ४० केला, टेस्ट सर्टिफिकेटवाला आणला. रविवारी ऊन पडलेलं बघून मामा आले. मी रॉड भाजून डब्यात गरम गरम आणले होते, मामांनी गॅसच्या टॉर्चने प्लेट आणि पिन आधी शेकून ओल घालवली, गंज ग्राइंडरने काढला, आणि एका बाजूने सलग गोल न फिरवता समोरासमोर थोडं थोडं मारत गेले म्हणजे पिन ओढली जाऊन तिरकी होत नाही, हे त्यांना मी सांगायची गरज पडली नाही. बादली मी आधीच उचलून जिन्याखाली ठेवली होती. दार संध्याकाळपर्यंत उघडंच राहिलं, लोकांनी कुरकुर केली नाही.

मंगळवारी ४८ तास झाल्यावर परत डीपी केली. मामा दुकान बंद करून मुद्दाम आले होते, सोबत त्यांचा मुलगा, आयटीआयला वेल्डर ट्रेडला आहे तो. डेव्हलपर वाळेपर्यंत कुणी हललं नाही. चारही पिना पांढऱ्याशुभ्र, कुठे लाल ठिपका नाही. मामांनी जाताना तो कापलेला जुना तुकडा मागून घेतला, मुलाला दाखवत होते रस्त्यात, इथून बघ, ही काळी कोर दिसतेय ना, इथून.